नोंदवही

वाशी, सेक्टर सतरा. वॉचमन विचारतो, कसलं काम?
पियानो, म्हणतो मी.
तो जरा थांबतो, आणि लिहितो : प्लंबर.
असू दे. गळतीच शोधायची असते मलाही.

सातव्या मजल्यावर क्रॅस्टोबाई पंखा बंद करतात,
शेजारी निरोप धाडतात, मिक्सर तासभर नको म्हणून.
खाडीची दमट हवा लाकडात मुरलेली.
खुंट्या सैल, फेल्टला कसर,
आणि मधला सा (बाई त्याला सी म्हणतात)
घसा बसल्यासारखा.

एका सुराच्या तीन तारा. दोघींना पाचर लावून गप्प करायचं,
तिसरीला चावीनं ओढायचं, केसभर.
मग दुसरी मोकळी करायची.
दोघींमधली थरथर लांबत जाते, लांबत,
इथं श्वाससुद्धा धरावा लागतो,
आणि नेमका तेव्हाच
कुकर शिट्टी देतो.

"वाजत तर होताच की," पैसे मोजताना मुलगा म्हणतो.
दोनशेवीस तारा. मी काही बोलत नाही.
पुढच्या वर्षी या, म्हणतात बाई. मग हळूच : असला तर.
मुलानं मापं घेतलीयत,
त्या कोपऱ्यात मोठा फ्रिज बसतो.

लिफ्ट गुणगुणत खाली येते. सूर जरा उतरलेला.
कान अजून मिटायला तयार नाहीत.
वॉचमन वही पुढं करतो. सही, वेळ.
"आलाच आहात तर पंपरूमचा नळ बघा ना.
रात्रभर झोपू देत नाही."

दारातच उभा राहतो. ऐकतो.
वॉशर गेलाय, सांगतो त्याला.