परतण्याचा पुरावा

आमंत्रण मी आधी साधंच लिहिलं होतं :
ये. मागची खोली रिकामी आहे.
भरतीला समुद्र कुंपणाशी येऊन उभा राहतो, तुला आवडेल.

तसं चालत नाही म्हणे.
मग वकिलाच्या टेबलावर बसून पुन्हा लिहिलं :
मी, फिनूला गेराटी, वय सदुसष्ट, राहणार बेलमलेट, आयर्लंड,
हमी देते की श्रीमती लुआन शूफन यांच्या
मुक्कामाचा आणि जेवणाखाणाचा खर्च…
इथं पेन अडलं.
यानताईच्या वसतिगृहात, त्या पहिल्या हिवाळ्यात,
तिनं आपला अर्धा मासा माझ्या वाडग्यात सरकवला
तेव्हा तिच्याकडून कुणी हमी घेतली नव्हती.

मैत्री खरी आहे याचाही पुरावा लागतो.
आमचा फोटो एकच. बंदरावरचा, त्र्याण्णव सालचा.
वारा असा की दोघींचे चेहरे केसांत गेलेले.
जोडला तोच.
सोबत सहा महिन्यांचं बँकेचं खातं,
ज्यात टर्फाची बिलं आणि कुत्र्याच्या डॉक्टरची फी.

बीजिंगहून उत्तर आलं ते एका ओळीचं :
अर्जदार मायदेशी परततील असे बंध आढळत नाहीत.

खरंच आहे. नवरा नाही. मूल नाही.
शाळेतली नोकरी संपून अकरा वर्षं झाली.
त्यांच्या हिशेबात शूफन म्हणजे
दावं सुटलेलं जनावर,
दिसेल त्या कुरणात शिरणारं.

मी खूप चिडले. म्हटलं, या गावात?
जिथं जूनमध्येही शेगडी पेटवतो,
जिथून माझ्या वर्गातली निम्मी मुलं निघून गेली,
तिथं कोण लपायला येणार आहे?
मग टॉमीमामा आठवला.
बॉस्टनला गेला होता तीन आठवड्यांसाठी.
त्याचं थडगं तिथंच आहे.
गप्प बसले.

शनिवारी खासदाराचा माणूस
मॅकाँड्र्यूच्या पबमागच्या खोलीत बसतो.
माझ्या पुढं एक रस्त्यातल्या खड्ड्यांची तक्रार, एक गुडघ्याचं ऑपरेशन.
तो म्हणाला, अपील करा. काहीतरी ठोस लिहा,
तिला तिथं ओढून नेईल असं काही.
मी रात्री फोन लावला. तिथं पहाट.
शूफन, तुला तिथं काय बांधून ठेवतं गं?
ती बराच वेळ बोलली नाही.
मग म्हणाली, असं कुणी विचारतं का?

अपिलात मी तिचं पेन्शन लिहिलं,
घराचा कागद, भावाची बाग.
बाग शेवटी, अर्ध्या ओळीत.

व्हिसा मिळाला सप्टेंबर सरताना.
मी पलंग ओढून खिडकीशी आणला,
पडदे धुतले, फोन केला. ती ओरडलीच :
आत्ता? पिशव्या काढायच्या दिवसांत?

सफरचंद लिंबाएवढं असतानाच
त्याला एकेकाला कागदाची पिशवी घालतात तिथं.
कीड लागू नये, साल कोवळी राहावी म्हणून.
आता बाहेरचा कागद उतरवायचा,
चार दिवस थांबून आतला.
घाई केली तर ऊन भाजतं, उशीर केला तर रंग चढत नाही.
भाऊ शिडीवर चढू शकत नाही यंदा.
हजारो फळं, म्हणाली,
आणि प्रत्येकाचे कागद माझ्याच हातानं काढायचे.

हा फोन त्या साहेबांना ऐकवायला हवा होता.
मी हसले, मग ती हसली,
मग तिला कुणीतरी खालून हाक मारली.

व्हिसा नव्वद दिवस चालतो. नोव्हेंबरात बघू, असं ठरलं.
नोव्हेंबरात इथं साडेचारला अंधार पडतो,
ते काही मी बोलले नाही.
गादी मात्र आज बाहेर काढली.
दोन तास ऊन होतं.