अर्जदाराचा हिस्सा

अर्ज सतरा पानी आहे.
नाव : आर्लिस होलुब. वय : एकाहत्तर.
ठिकाण : वाळूच्या टेकड्या, नेब्रास्का;
गावापासून एकतीस मैल, त्यातले नऊ कच्चे.
जमीन किती, गुरं किती,
पवनचक्क्या किती, त्यातल्या पाणी ओढणाऱ्या किती.
(दोन. तिसरी नुसतीच कुरकुरते.)
इथवर सोपं होतं.

चौथ्या पानावर विचारलंय :
कुरणाची हानी कशामुळे झाली?
एका ओळीत उत्तर द्या.

सीडरच्या झाडांमुळे.
ओळ संपली. पुढचं मी समासात लिहिते,
तिथे कुणी वाचत नाही.

ही झाडं आपण होऊन आली नाहीत, साहेब.
माझ्या सासऱ्यांनी लावली,
तुमच्याच कचेरीच्या पैशांनी.
वारा अडवायला, वाळू धरायला,
रोपामागे चार सेंट, वर शाबासकीचं पत्र.
ते अजून आहे, पिठाच्या डब्यामागे.
वीतभर रोपं ओल्या गोणपाटात गुंडाळून
एका वसंतात त्यांनी चारशे खड्डे खणले,
आणि पुढे जन्मभर, दिसेल तिथे,
प्रत्येक वणवा विझवला.

वणव्यावाचून सीडरला कोण आवरणार?
पाखरांनी बिया खाल्ल्या,
कुंपणाच्या तारांवर बसून खाली टाकल्या.
आज उत्तरेच्या उतारावर गाय शिरली
तर घोड्यावरूनही दिसत नाही.
बुडाशी गवत नाही. नुसत्या सुया,
आणि मिटल्या कपाटातल्या लोकरीचा वास.

कचेरीतून आलेली मुलगी, मरिसोल, चांगली आहे.
बुटाला शेण लागलं तरी बोलणं तोडत नाही.
म्हणाली, तोडा, जाळा, दोन वर्षं जमिनीला विसावा द्या,
मग कळप लहान लहान पट्ट्यांत फिरवा.
बी पेरायला नको. खालचं गवत मेलेलं नाही,
थांबलंय.
सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे ऐकून होते.
गवताचं चाळीस वर्षांचं निघालं.

मग तिनं पूर्वेच्या माळाकडे बोट केलं :
इथे माळकोंबडे नाचायचे ना?

नाचायचे.
एप्रिलात, उजाडायच्या आधी,
गळ्याच्या नारिंगी पिशव्या फुगवून;
रिकाम्या बाटलीत कुणी फुंकावं तसा आवाज.
एमिलनं मला एकदा झोपेतून उठवून नेलं होतं,
ट्रकमध्ये, अनवाणी, ब्लँकेटसकट.

जिथून एकही उंच झाड दिसतं, ती म्हणाली,
तिथे ते नाचत नाहीत.
झाडावर ससाणा बसतो, हे त्यांना ठाऊक असतं.

एकच आहे तिथे. टेकडीच्या माथ्यावर.
ते सासऱ्यांचं नाही.
मी ओहायोची, झाडांत वाढलेली.
पहिल्या हिवाळ्यात याच टेबलाशी बसून म्हणाले होते,
तुमच्याकडे नजर टेकवायला काहीच नाही.
एमिल काही बोलला नाही. तो कधीच बोलायचा नाही.
बर्फ वितळल्यावर कुदळ घेऊन वर गेला,
आणि मला खिडकीतून हात हलवायला लावून
जागा नक्की केली.

पान अकरा. अर्जदाराचा हिस्सा :
एकूण खर्चाच्या पंचवीस टक्के,
रोख, श्रम किंवा वस्तुरूपात.
म्हणजे पदरमोड. ती कळते मला.
रोख : नाही.
श्रम : मी आणि शेजारचा ड्वेन, बारा दिवस.
डिझेल माझं. करवत त्याची.
वस्तुरूपात असल्यास तपशील द्या :

झाड, एक.
उंची अंदाजे तीस फूट.
किंमत

गोठ्यात तांबडी कालवड हंबरतेय.
पहिलटकरीण आहे, सकाळपासून अस्वस्थ;
पाय आधी आले तर मला हात घालावा लागेल.
दोरी कुठे ठेवली?
अर्ज राहू दे.
मुदत शुक्रवारपर्यंत आहे.