सदतीसावा संदर्भ

कलाभवनाच्या मागच्या फाटकासमोर माझं दुकान :
झेरॉक्स, लॅमिनेशन, थिसिस बांधून मिळेल.
मार्च आला की पोरं येतात, डोळे तांबारलेले,
आणि शेवटची यादी माझ्या अंगावर टाकून चहाला जातात.

मला यंत्रातलं काही कळत नाही. कापणं कळतं.
जर्नलचा नुसता 'ज.', इंजिनिअरिंगचं 'इंजि.',
मधले 'ऑफ' आणि 'द' गव्हातल्या खड्यांसारखे वेचून टाकायचे.
जानेवारी तीन अक्षरांत मावतो, सप्टेंबरला चार लागतात.
मे, जून, जुलैला हात लावायचा नाही,
ते आधीच एवढेसे.
आणि नाव एकाच शब्दाचं असलं तर ते तोडायचं नाही.
हा नियम मला सगळ्यांत आवडतो.

परवा भाविन प्रजापतीचं काम चाललं होतं,
बेअरिंगची झीज, एकशे बारा संदर्भ.
वरच्या मजल्यावरच्या दळवीकाकू आधारची झेरॉक्स काढायला आल्या.
चष्मा कपाळावर, पिशवीत गवार.
पडद्याकडे बघून म्हणाल्या,
"ऑगस्ट नाही गं ते. सप्टेंबर."
कोणतं?
"सदतीस. छापखान्यात संप होता,
ऑगस्टचा अंक निघालाच नाही त्या वर्षी."

सदतीसवर होतं : एम. के. चौबळ, १९७१.
किती थिसिसांत टाइप केलाय मी हा माणूस!
टाय लावलेला, टक्कल पडलेला,
असाच दिसायचा मला.

काकूंच्या दारावर तर वृंदा दळवी.

"मंदाकिनी कृष्णाजी," त्या म्हणाल्या,
पिशवी या हातातून त्या हातात घेत.
"मग ताटातल्या तांदळात दुसरं लिहिलं."

मी वाट पाहिली. आता सांगतील काहीतरी,
प्रयोगशाळा, तेलाचा वास, कोण काय म्हणालं.
त्या म्हणाल्या,
"दोन्ही बाजू एकाच कागदावर घे,
दोन रुपये वाचतात."

रात्री मी ऑगस्ट खोडला.
आणि सगळे नियम गुंडाळून
सदतीसवर पूर्ण नाव टाइप केलं.

सकाळी भाविन : "बेन, आ शुं?
इथे आद्याक्षरंच पाहिजेत, गाइड परत पाठवतील."
बरोबरच आहे त्याचं.
परत एम. केलं, परत के. केलं.
बोट जरा जास्त वेळ राहिलं बटणावर,
टिंबं दोन पडली.
एक काढलं.

सप्टेंबर मात्र तसाच ठेवला.