अक्षरं बंद केल्यावर

केमीत दुपारी तीनलाच अंधार.
जिन्याखालच्या कपाटात रायमोचा सर्व्हर
धापा टाकतो, हात लावला तर चटका.

पडद्यावर, फोर-केमध्ये, इर्या वल्हं उचलते
आणि तशीच अडकते. चक्र गोल फिरत राहतं.
दर अकरा सेकंदांनी हेच.

वायफाय सोडून त्यानं केबल ओढली,
मांजराच्या वाडग्याला वळसा घालून.
केबलचा दोष नव्हता.
डिस्क तपासली, टीव्ही बदलला, 'पेर्केले' म्हणून झालं.
मग आकड्यांत दिसलं: प्रोसेसर शंभर टक्के.
लेकीनं पोर्तोहून पाठवलेली पोर्तुगीज अक्षरं
तो बिचारा एकेका चित्रावर
गोंदत बसला होता.

अक्षरं बंद.
इर्या वल्हवू लागली, सलग,
वल्ह्यावरचा थेंब न् थेंब वेगळा,
हनुवटीवरची चामखीळसुद्धा.

"आजी काय म्हणते?" दुआर्तनं विचारलं.
रायमोला पोर्तुगीजचे वीसेक शब्द येतात,
त्यात नदी आहे, मासा आहे.
"म्हणते... मासा... आज... नाही."
पोरगं खिदळलं.
इर्या मात्र बोलतच होती, लांबलचक काहीतरी,
आणि त्यातलं बरंचसं
रायमोही पहिल्यांदाच ऐकत होता.