वाइंडिंगवाल्याची लेक गिटार घेते

साडेनऊ हजार साठले होते. त्यातले नऊशे
परवा सिलिंडरला गेले,
म्हणजे आठ हजार सहाशे धरा.

नव्या पेठेत कोतवालांच्या दुकानात
पुढं बेंजो, हलग्या, गवसणीतल्या पेट्या,
वरातीचं सगळं सामान.
इलेक्ट्रिक गिटारी मागं, पंख्याखाली,
चारच. दोन माझ्या ऐपतीबाहेर.

काळीला दोन जाड पिकअप, दुहेरी कॉइलचे.
"ही न्या ताई. आवाज भरीव, घूं अजिबात नाही."
निळीला तीन, बारके, सिंगल कॉइलचे.
कोपऱ्यावर पोपडा गेलेला,
पाचव्या घरात जाडी तार खडखडते.
आधीचा मालक नोकरीला पुण्याला गेला म्हणे,
जाताना पट्टा तेवढा काढून नेला.

काळी वाजवली. चांगली होती.
काय सांगू, चांगलीच होती,
जेवण झाल्यावर बोलणाऱ्या माणसासारखी.

मग निळी लावली,
आणि रिकाम्या तांब्यावर नखानं टिचकी मारावी
तसा सूर उडाला, स्वच्छ, जरा उद्धट.
त्याच्या मागं, तारेवरचा हात काढला तरी,
घूंऽऽ

ही घूं मला पाठ आहे.
आमच्या भिंतीपलीकडं बोगमांचे आठ माग,
टॉवेलचे. लहानपणी मी
माग सुरू झाले की झोपायची,
थांबले की दचकून उठायची.

नाना सोबत आले होते.
गिटारीतलं त्यांना ओ का ठो कळत नाही,
पण चाळीस वर्षं जळक्या मोटारी भरल्यात,
अजून बोटांना वार्निशचा वास.
"उघडा की जरा," म्हणाले.
कोतवालांनी कपाळाला आठ्या घालत
एकेक स्क्रू काढला, बशीत ठेवला.

पांढरं झाकण निघालं
आणि नानांचा चेहरा
एसटी स्टँडवर गाववाला भेटावा तसा झाला.
"अगं, ही तर कॉइल!
सहा चुंबकं, भोवती केसाहून बारीक तांबं.
सात-आठ हजार वेढे असतील की.
शेजारी दुसरी उलटी भरून ठेवली
की दोघींची घूं एकमेकीला खाते.
काळीत तसंच केलंय बघ.
ही एकटी. एकटी कॉइल सगळ्यांचं ऐकत बसते,
ट्यूबलाइटचं, पंख्याचं,
चौकातल्या डीपीचं."

मग चष्मा कपाळावर चढवून
मधल्या पिकअपकडं बघत राहिले.
"इथलं टोक सुटत आलंय. हे मी जोडीन,
पण साडेसातच्या वर देणार नाही."
कोतवाल आठावर अडले. चहा आला.
सात हजार आठशे, जुनी केबल फुकट.
काळी भिंतीवरच राहिली.
निघताना एकदा तिच्याकडं बघितलं, खोटं कशाला बोलू.

अ‍ॅम्प यल्लेशच्या बेंजो पार्टीचा,
फाटक्या पडद्याचा, लग्नसराईपर्यंत उसना.
संध्याकाळी घरी लावला.
बोगमांचे आठही माग चालू,
आणि गिटारीत इतकी घूं
की माझा सी कॉर्ड त्यात बुडून गेला.
रडू यायचंच राहिलं होतं.

नाना दारात जेवत बसलेले.
घास खाली न ठेवता म्हणाले,
"तोंड फिरव. खुर्चीसकट.
तिकडं नको, मागाकडं अजून जास्त येणार.
अजून. अजून थोडी. थांब."

आणि घूं बारीक झाली, चिलटाएवढी.

तेव्हापासून मी न्हाणीच्या दाराकडं तोंड करून वाजवते.
समोर निळी बादली, खिळ्याला टॉवेल,
बोगमांच्याच मागावरचा, एका कडेला धागा सुटलेला.
घरी आलेले हसतात.

सुट्टीच्या दिवशी पलीकडं सामसूम असते,
कुठंही तोंड केलं तरी चालतं.
तरी तळाशी थोडी उरतेच.
मी विचारलं, आता ही कुणाची?
नाना म्हणाले, "आपलीच असेल.
फ्रिज चालू आहे."