आठ मोजेपर्यंत

क्लार्कने विचारलं, खेळताना लागलं का?
फॉर्मवर दोनच चौकोन होते.
खेळताना लागलं असेल तर विमा.
इतर उपक्रमात लागलं असेल तर
मनगट आपलं आपण बघायचं.
केतकी गप्प. हात झोळीत,
नखांवर अजून संघाचा निळा रंग.

मी अहमदीच्या रिफायनरीत परांच्या तपासतो.
सकाळी पाचला, धुळीचं वादळ उठायच्या आत,
एकेका पायाशी वाकतो, कप्लर हलवून बघतो,
तळाची फळी वाळूत रुतलीय का बघतो.
ठीक असेल तर हिरवी चिठ्ठी. नसेल तर लाल.
वर कोण चढणार, मला माहीत नसतं.
एकोणीस वर्षांत कुणी विचारलं नाही
हे काम आहे, की इतर उपक्रम.

केतकी चिअरच्या संघात खाली असते.
तिच्या आणि अजून दोघींच्या तळव्यांवर
सुमय्या परकार उभी राहते, श्रीवर्धनची, किडकिडीत.
मिस रोविना शिट्टी वाजवत नाही, बोटांनी मोजते,
शेजारच्या हॉलमध्ये बारावीची सराव परीक्षा असते.
पाच, सहा, सात. सातला सुमय्या हवेत.
आठला पुन्हा हातांत.
सात आणि आठच्या मध्ये काय असतं
ते मी एकदाच पाहिलं.

त्याआधी पालकसभा झाली होती.
थंपी सर म्हणाले, खेळ म्हणजे
हरवायला समोर कुणीतरी पाहिजे.
ह्या मुली तर दुसऱ्यांच्या खेळाला ओरडतात.
मागून फहाहीलचे एक गृहस्थ बोलले,
आमची आई मॅच असली की देव पाण्यात ठेवते,
तिलाही एक मेडल द्या!
हॉल हसला.
मीही हसलो. हे इथे लिहिलंच पाहिजे.

मग सुमय्याची आई उठली.
अबायाच्या बाहीला चष्मा पुसत म्हणाली,
नसेल खेळ तर नसू दे, सर.
पण ज्यूडोच्या गाद्या कुलपात कशाला?
सर म्हणाले, त्या स्पोर्ट्सच्या बजेटमधल्या आहेत.
यानंतर फक्त एसीचा आवाज.

त्या मंगळवारी मी तिला आणायला लवकर गेलो होतो.
दाराच्या काचेतून बघत होतो.
सात झाले, आणि सुमय्या
जिथे यायला हवी तिथे आली नाही.
साइटवर मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो,
वरून काही सुटलं तर बाजूला व्हा,
बघत बसू नका, झेलायला जाऊ नका, बाजूला व्हा.
केतकी आत गेली.
नुसत्या लादीवर, हात पुढे करून,
जणू ते पोर तिचंच होतं.

सुमय्याला साधं खरचटलंही नाही.
हे कुठे लिहायचं, केतकीने विचारलं.
मी फॉर्म उलटून पाहिला.
मागची बाजू कोरी होती,
पण क्लार्क म्हणाला, तिथे काही लिहू नका.

मी 'खेळ'वर खूण केली.
आठवड्याने फॉर्म परत आला,
थंपी सरांची सही नाही म्हणून.
सर भेटले. भले गृहस्थ आहेत, स्वतःचा गुडघा
फुटबॉलमध्ये गमावलेले. म्हणाले, समजून घ्या,
उद्या कॅरमवाले येतील.
मी म्हटलं, कॅरमची सोंगटी
पडताना आई म्हणत नाही.
चुकलं माझं. आवाज चढला होता.

बाहेर पडताना खिशात हात गेला.
कामावरची एक लाल चिठ्ठी होती,
वापरू नका, तीन भाषांत.
तारीख घातली, सही केली,
हॉलच्या दाराच्या कडीला बांधली.
पोरकटपणा. बायको म्हणाली, नोकरी जाईल.

अजून तरी गेली नाही.
गाद्याही आल्या नाहीत.
केतकी प्लास्टरवर खाजवत सांगते,
चिठ्ठी तशीच आहे, कुणी काढली नाही,
फक्त माझ्या सहीखाली
सुमय्याने स्केचपेनने लिहिलंय
आठ.