इळा

कुरखेड्याहून आत, शाळेच्या व्हरांड्यात
टेबल मांडून मी बोटं टोचत बसतो.
झुरीबाई कुमरेच्या बोटात सुई शिरत नाही,
चाळीस रोवण्यांचे घट्टे.
"दुसरं दे, मावशी."
"सारी सारखीच हायेत, बापा."

काचपट्टीवर थेंब झाकून ठेवला
की थोड्या वेळानं पेशी वाकतात.
मी हवेत बोटानं कोर काढून दाखवतो.
"इळाच ना?" ती म्हणते,
"मंग त्यात का नवल? धान कापाले लागतेच."

हिला कसं सांगू,
या बांध्यांवर, या ओल्या रानात
किती पिढ्या डास बसले निवडायला.
एक इळा घेऊन जन्मलेलं लेकरू
हिवतापातून उठलं, चिखलात उतरलं, बाप झालं.
दोन घेऊन आलेलं
रात्रभर हाडं धरून रडलं.
हिशेब कुणीच मांडला नव्हता.

दिवेलागण. दारोदार निंबाचा पाला धुमसतो,
माझे डोळे चुरचुरतात, तिचे नाही.
मी कार्ड लिहितो: वाहक.
नातीचंही तेच.
सोयरिकीचं समजावू लागतो, अडखळतो.
ती मधेच हात वर करते:
"चारदेव्याची पोरगी चारदेव्याले देत नाही आमी.
देव पायतो आधी.
आता हेबी पाहू."

कार्ड चंचीत, तंबाखूशेजारी.
चार पावलांवरून वळते:
"पोरगा बेडगावचा हाय.
सुई ठेवजो उद्या."